सेवाज्येष्ठतेनुसार गोल्फ

गोल्फच्या पिशवीतल्या सगळ्या काठ्यांमध्ये दोन नंबरची लोखंडी काठी मारायला सर्वांत अवघड असते. हे मला एका इंग्रजी पुस्तकातून कळले, आणि ते खरे आहे हे मी चार महिने दर रविवारी सकाळी बघितले. आमच्या वसाहतीत ती काठी माझ्या वडिलांकडे होती. त्यांच्याकडेच का, तर ते उपअभियंत्यांमध्ये सर्वांत वरिष्ठ होते म्हणून.

मंगरुळपीर तालुक्यात आसेगावच्या अलीकडे तेव्हा एका मध्यम धरणाचे काम चालू होते. भिंत अर्धी उठली होती. बुडणाऱ्या जमिनी सरकारने ताब्यात घेतल्या होत्या, गाव वरच्या माळावर नेऊन बसवले होते, पण पाणी अडवायला अजून दोन पावसाळे जायचे होते. त्यामुळे मधली सगळी काळी जमीन कोणाचीच नव्हती. पेरायला बंदी. मालकांनी तिथे फक्त शेळ्या चारायच्या, त्याही चौकीदाराची नजर चुकवून.

त्या जानेवारीत नवे कार्यकारी अभियंते आले. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो, त्यांची बायकोसुद्धा. त्यांच्या सामानाच्या ट्रकमधून एक लांबोडकी चामड्याची पिशवी उतरली. आधीच्या कुठल्यातरी प्रकल्पावरून मायदेशी परतणाऱ्या परदेशी सल्लागाराने ती मागे टाकली होती आणि साहेबांनी उचलली होती. साहेब मात्र ती पिढीजात असल्यासारखी वागवत. आल्यापासून पंधरा दिवसांत बुडीत क्षेत्रात नऊ खड्डे झाले. प्रत्येक खड्ड्यात वनस्पती तुपाचा रिकामा डबा पुरला. भोवती मुरूम टाकून त्यावर रोलर फिरवला आणि धूळ बसावी म्हणून इंजिनाचे जळके तेल शिंपडले. मोजणीच्या कामाची लाल निशाणे डब्यांत रोवली. ते आणीबाणीचे वर्ष होते, सगळ्या कार्यालयांत वेळेवर येण्याच्या आणि काटकसरीच्या पाट्या लागल्या होत्या. रोलर त्या पाटीसमोरूनच गेला.

आता काठ्या कोणी घ्यायच्या? साहेब म्हणाले, "पिशवी कशाला वाहायची, अधिकाऱ्यांमध्ये वाटून टाका, सगळेच खेळतील." हे त्यांनी हेडक्लार्कला सांगितले. हेडक्लार्कने उभ्या आयुष्यात प्रत्येक गोष्ट एकाच पद्धतीने वाटली होती. त्यांनी कपाटातून सेवाज्येष्ठतेची यादी काढली. लाकडी डोक्याच्या तीन काठ्या आणि शेवटी चेंडू डब्यात ढकलायची काठी अर्थातच साहेबांची, ती त्यांचा शिपाई वागवणार. लोखंडी काठ्यांवर दोनपासून नऊपर्यंत आकडे कोरलेले होते. वरिष्ठ उपअभियंत्याला, म्हणजे बाबांना, दोन. दुसऱ्या उपअभियंत्याला तीन. सहायक अभियंत्याला चार. मग ओव्हरसियर ओळीने, आणि नऊ नंबर नकाशे काढणाऱ्या ट्रेसरला. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. साहेब ती यादी बघून मोठ्याने हसले आणि तशीच राहू दिली. त्या हसण्याचा अर्थ कळलेला माणूस त्या खोलीत नव्हता. आकडा जितका लहान, तितका माणूस मोठा, ही गोष्ट तिथल्या प्रत्येकाच्या हाडात मुरलेली होती. वर्ग एक, वर्ग दोन, वर्ग तीन, वर्ग चार. काठ्यांचे आणखी वेगळे काय असणार?

बाबा ती काठी घरी घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला होता. ती त्यांनी बुद्धाच्या तसबिरीखालच्या कोपऱ्यात उभी केली, रुमालाने पुसली, मग आईला हाक मारली.

"दोन नंबरची हाय," ते म्हणाले. "एक नंबर पिशवीतच नव्हती."

"मंग?" आई म्हणाली.

"मंग काय? पाह्य न."

आईने बघितले आणि ती परत चुलीकडे गेली. "दांडा चांगला हाय," एवढे ती म्हणाली.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि घरी बसून होते. नागपूरला नन्सच्या शाळेत शिकले, पण तिथले वसतिगृह शाळेपुरतेच होते. कॉलेजसाठी भाड्याच्या खोलीत मुलगी ठेवायला आई तयार नव्हती. एक वर्ष असेच गेले होते. बाबांनी नागपूरच्या संकल्पचित्र कार्यालयात बदली मिळावी म्हणून अर्ज केला होता. तिथे जागा रिकामी होती. अर्ज साहेबांच्या शिफारशीने पुढे जायचा, आणि तो साहेबांच्या टेबलावर पडून होता. आईने मुदत घालून दिली होती. जूनपर्यंत बदली झाली तर पोरीने शिकावे, नाहीतर कारंज्याच्या मास्तरांचे स्थळ आलेच होते. "मानूस वाईट नाई," आई म्हणायची, आणि मला तेवढ्यावर समाधान मानायचे होते. म्हणजे माझे सगळे त्या एका अर्जावर होते, अर्ज साहेबांच्या मर्जीवर, आणि मर्जी कमवायची जागा आता ऑफिस राहिले नव्हते, बुडीत क्षेत्र झाले होते.

पहिल्या रविवारी बायका-मुलींसाठी बाभळीखाली लोखंडी खुर्च्या मांडल्या. साहेबांच्या बाईंनी मला शेजारी बसवून घेतले, कारण माझ्याशी त्यांना इंग्रजीत बोलता येई आणि बाकीच्या बायकांना ते ऐकावे लागे. मी हो-नाहीपुरते बोलायचे. न बोलणाऱ्या मुलीला लोक गरीब समजतात, आणि तिच्यासमोर काहीही करायला लाजत नाहीत. मला सगळे नीट बघता आले.

खेळ असा चाले. साहेब लाकडी काठीने चेंडू मारत. मग सगळे अधिकारी हातात आपापला नंबर घेऊन चेंडूमागे चालत. चेंडूजवळ पोचले की साहेब हात मागे करत आणि मागे न बघता ओरडत, "सेव्हन!" सात नंबरवाला ओव्हरसियर धावत येऊन त्यांच्या हातात काठी ठेवी. फटका झाला की काठी परत घेई, धोतराच्या तुकड्याने पुसे. "नाइन!" की ट्रेसर धावे. एकूण काय, पिशवी वाहायला माणूस नको म्हणून आठ पदवीधर आणि पदविकाधारक पिशवी झाले होते. मधल्या वेळात त्यांनी आपल्या एकाच काठीने आपला चेंडू बडवायचा, लांबचा असो की डब्यापासून चार पावलांवरचा. काळ्या जमिनीला तळहात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, म्हणून चेंडूखाली ठेवायला प्रत्येकाच्या खिशात तरटाचा तुकडा असे.

सात नंबरवाल्याचा चेंडू छान उडे. ट्रेसरचा तर उंच जाऊन धपकन तिथेच बसे. बाबांचा उडतच नसे. ते ताकद लावून काठी फिरवत आणि एकतर चेंडूच्या मागची माती उडे, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर नुसता चरा जाऊन तो पाचदहा हात घरंगळे. तीन नंबरवाल्याचेही तेच. चार नंबरवाला थोडा बरा. यादीत जो जितका वर, तो तितका फजीत होत होता, आणि कोणालाच यादीचा संशय येत नव्हता. हेडक्लार्क म्हणाले, "ज्युनियर लोकांना सराव जास्त आहे."

बाभळीपलीकडे एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. तिने मला खुणेने जवळ बोलावले.

"काय हारपलं वं बाई साहेबाचं?"

"काही नाही, आजी."

"मंग सारे जन खाली मान घालून काय ढुंढून राह्यले? सोन्याचं हाय का?"

"चेंडू आहे. खेळतायत."

तिने डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितले. "येवढासा चेंडू, अन् येवढे मानसं?" मग शेळीला हुसकत म्हणाली, "हे वावर आमचंच व्हतं. पराटी कमरेइतकी व्हायची. मले म्हने इथं काई पेराचं नाई. अन् हा बापा चेंडू पेरून राह्यला."

त्या सबंध गोल्फमध्ये मला आदराने ऐकावेसे वाटलेले हे पहिले वाक्य.

चौथ्या की पाचव्या रविवारनंतर साहेबांनी एक पुस्तक ऑफिसात पाठवले. इंग्रजी, चित्रांसकट, गोल्फ कसे खेळावे यावर. हेडक्लार्कने त्याला 'अवलोकनार्थ' अशी चिठ्ठी जोडून ते नस्तीसारखे फिरवले. बाबांच्या हाती आले तेव्हा चिठ्ठीवर सात सह्या होत्या आणि पुस्तकाची पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती.

"पोरी, हे वाचून सांग बरं काय लिवलं हाय," बाबा म्हणाले. "इंग्रजी मलेबी येते. पन हे काँक्रीटचं इंग्रजी नाई."

मी वाचले. लांब लोखंडी काठ्यांवर वेगळे प्रकरणच होते. लेखक सुरुवातीलाच सांगून मोकळा झाला होता की दोन आणि तीन नंबरच्या काठ्या नवशिक्याने पिशवीतून काढून घरी ठेवाव्यात. पुढे कारणे होती. जसा आकडा लहान तशी काठी लांब, म्हणजे चेंडू शरीरापासून दूर, म्हणजे हातून झालेली चूक चेंडूपर्यंत पोचताना मोठी होते. तिचे डोके सुरीसारखे पातळ, जड भाग अरुंद, त्यामुळे बरोबर लागायची जागा जेमतेम नाण्याएवढी. नऊ नंबरचा चेहरा आकाशाकडे कललेला असतो, तो चेंडूला आपणहून वर ढकलतो. दोन नंबरचा चेहरा जवळजवळ उभा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे कारण काठीत नव्हतेच. खेळणारा तो उभा चेहरा बघतो आणि त्याचा विश्वासच बसत नाही की याने चेंडू वर जाईल. मग तो मदत करायला जातो. उजवा खांदा खाली टाकतो, मागे रेलतो, मनगटाने चेंडू उचलायला बघतो. आणि उचलायला गेले की माती उडते. तिथे चित्र होते, मागे रेललेला माणूस, आणि त्यावर भली मोठी फुली. मी ते चित्र बघितले आणि मला कार्यालयातले सगळे अधिकारी आठवले.

एक गोष्ट मला पुस्तकाशिवाय दिसली. मी कोपऱ्यातली काठी उजेडात धरली. साहेबांचा सात नंबर मी जवळून बघितला होता, त्याचा चेहरा मधोमध झिजून पांढुरका झाला होता. दोन नंबरचा चेहरा कारखान्यातून आल्यासारखा कोरा होता. एवढ्या आठवड्यांत साहेब एकदाही "टू!" असे ओरडले नव्हते. बाबांना वाटे हा मान आहे, बाकीचे धावतात, मला धावायला लावत नाहीत. साहेबांना ती काठी मारताच येत नव्हती. त्यांनी आपली नको असलेली वस्तू वरिष्ठाला बहाल केली होती, आणि वरिष्ठाने ती बुद्धाखाली ठेवली होती.

मी बाबांना फक्त काठी बदलायचे सुचवले. सात नंबरवाला ओव्हरसियर संध्याकाळी घरी आला होता, मी चहा देताना त्याच्यासमोरच बोलले. तो आनंदाने म्हणाला, "घ्या न साहेब माही सात नंबर. मले तं इकून तिकून पयाचंच काम हाय."

बाबा हसले, पण तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी सात नंबर घेऊ? दोनावर याले मले अठरा वर्सं लागले."

मला त्यांची चीड आली. अठरा वर्षांत त्यांना किती ठिकाणी बाहेर बसवले होते, कोणत्या ऑफिसात त्यांच्यासाठी वेगळा पेला ठेवलेला होता, हे मला माहीत होते. तरीही चीड आली. ज्यांनी आकड्यांची शिडी बनवली तेच लोक तिच्या टोकाला बसून हसत होते, आणि बाबा तिची एक पायरी पुसून चकचकीत ठेवत होते.

काठी बदलत नाहीत तर मारायला तरी शिकावे, म्हणून पहाटे स्टोअरच्या मागे, सिमेंटच्या मोठ्या पाइपांच्या आडोशाला, आमचा सराव सुरू झाला. मी पुस्तक धरून उभी, बाबा तरटावर चेंडू ठेवून. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. लांब काठीचा चेंडू खणायचा नसतो, जमिनीलगत जाणाऱ्या फटक्यात तो आपसूक निघतो, असे लिहिले होते. त्यासाठी इंग्रजीत जो शब्द होता तो मी सरळ सांगितला, "झाडल्यासारखं करायचं, बाबा."

ते थांबले. माझ्याकडे बघितले नाही, चेंडूकडेच बघत राहिले. माझी आजी पाटलाचे अंगण आणि चावडी झाडायची, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी दीक्षा घेतली त्या दिवसापर्यंत. त्या दिवशी तिने खराटा विहिरीमागे फेकला, ही गोष्ट आमच्या घरात शेकडो वेळा सांगितली गेली होती. मला ती पाठ होती आणि तरी शब्द तोंडातून गेला. नन्सच्या शाळेने मला दोन्ही भाषा दिल्या, पण कुठला शब्द कुठे ठेवायचा ते शिकवले नाही.

"म्हणजे, फक्त पुढे न्यायची काठी," मी म्हणाले. "अलगद."

"हं," बाबा म्हणाले आणि पुन्हा उभे राहिले.

आठ दिवस काही जमले नाही. दर वेळी खांदा खाली, दर वेळी माती. शेवटी एका सकाळी आई बंब पेटवायला लाकडे घ्यायला आली आणि पाइपावर टेकून बघत बसली.

"अवो," ती म्हणाली, "त्याले उचलून कायले राह्यले तुमी? लेकरू हाय का ते?"

बाबांना हसू आले. हसतहसतच त्यांनी काठी फिरवली, खांदा पाडायचे विसरले, आणि चेंडू गेला. आवाजच वेगळा होता, लहान आणि कोरडा. चेंडू खालून निघाला, विळ्याच्या पात्यासारखा हळूहळू वर चढला आणि क्रशरच्या पलीकडे खडीच्या ढिगात पडला. अख्खे प्रकरण वाचून जे झाले नव्हते ते आईच्या एका वाक्याने झाले. आई लाकडे घेऊन निघून गेली. तिला त्यात विशेष काही वाटले नाही.

त्यानंतर बाबा रोज मारू लागले. दहातले सहा-सात नीट जात. मला त्या सकाळी आवडत होत्या हे मान्य केले पाहिजे. बाबा माझ्याशी एवढे कधी बोलले नव्हते, आणि आमचे बोलणे फक्त खांदा, मनगट, गुडघा असे होते, तरी ते बोलणेच होते. मला असेही वाटू लागले होते की आता साहेबांवर छाप पडेल आणि अर्ज पुढे जाईल. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवले होते की गुणांची कदर होते.

मार्चअखेरच्या रविवारी ते घडले. साहेबांनी लाकडी काठीने चांगला लांब फटका मारला होता. "वा साहेब," "क्या बात है साहेब" झाले. मग बाबांनी तरट ठेवले, चेंडू ठेवला, आणि अलगद काठी नेली. तोच कोरडा आवाज. चेंडू साहेबांच्या चेंडूवरून गेला आणि बराच पुढे जाऊन पडला.

तीन नंबरवाला आपल्या बुटांकडे बघू लागला. मी खुर्चीची कड धरली होती. शेवटी सात नंबरवाला ओव्हरसियरच बाबांना म्हणाला, "साहेब, जमलं न बापा!" आणि लगेच मोठ्या साहेबांकडे बघून गप्प झाला.

"फ्लूक," साहेब म्हणाले. मग त्यांनी हात मागे केला. "टू!"

बाबा धावले. माझ्या वडिलांना धावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

साहेबांनी तीन चेंडू मारले. पहिल्याला ते मागे रेलले आणि पावशेर माती उडाली. दुसऱ्याला चरा गेला. तिसरा चेंडू तिरपा जाऊन एका भेगेत शिरला आणि दिसेनासा झाला. आठही जण आपापल्या काठ्या भेगेत घालून उकरू लागले. बाभळीमागून म्हातारीचा आवाज आला, "आता मात्र हारपलं वं!" मला हसू आवरेना म्हणून मी पदराखाली तोंड लपवले. साहेबांच्या बाईंनी माझ्याकडे बघितले.

"ही काठीच वाकडी झालीय," साहेब म्हणाले आणि ती बाबांकडे न देता जमिनीवर टाकली.

बुधवारी अर्ज परत आला. शेरा होता की, सदर अधिकाऱ्यास कार्यमुक्त केल्यास प्रकल्पाच्या कामावर परिणाम होणार नाही याचे सविस्तर स्पष्टीकरण सादर करावे. म्हणजे बाबांनी स्वतःच लिहून द्यायचे की माझ्यावाचून काही अडत नाही. बाबांनी ते लिहिले. दोन पाने, शुद्ध, समासासहित. ते पुन्हा टेबलावर जाऊन पडले.

आई म्हणाली, "कारंज्याले निरोप धाडू काय?"

"मे सरू दे," बाबा म्हणाले.

सरावाला ते येईनासे झाले. मी दोन दिवस पहाटे पुस्तक घेऊन दाराशी उभी राहिले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "झोप. आता येते मले."

मेमध्ये अकोल्याहून साहेबांचे वरिष्ठ, अधीक्षक अभियंते, पाहणीला आले. रविवार होता, साहेबांनी त्यांना गोल्फ दाखवायला नेले. मंडपाचे कापड लावले, सरबत होते, तेल ताजे शिंपडले होते. पाहुण्यांना खेळ येत नव्हता, म्हणून साहेब त्यांना समजावून सांगत होते. त्यांनी मारले, टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, "आमच्या वरिष्ठ उपअभियंत्यांना बघा आता. सगळ्यांत अवघड काठी यांच्याकडे आहे." म्हणजे काठी अवघड आहे हे साहेबांना पहिल्या दिवसापासून माहीत होते, हे तेव्हा सगळ्यांसमोर निघाले. कोणाला काही वाटले नाही.

बाबांनी तरट अंथरले. चेंडू ठेवला. उभे राहिले ते अगदी बरोबर, पाय, गुडघे, चेंडू थोडा पुढे. मग त्यांनी एकदा आमच्या खुर्च्यांकडे बघितले. माझ्याकडे. मग उजवा खांदा सावकाश खाली टाकला, मागे रेलले, आणि फुली मारलेल्या चित्रातल्या माणसासारखे त्यांनी चेंडू उचलायला मनगट वळवले. माती पाहुण्यांच्या बुटांपर्यंत गेली.

सगळे हसले. "पुन्हा, पुन्हा," साहेब म्हणाले. बाबांनी पुन्हा तसेच केले. तिसऱ्यांदा चेंडू चार हात घरंगळला. सहा आठवडे रोज पहाटे ती हालचाल त्यांच्या अंगातून मी काढली होती, आणि त्यांनी ती जशीच्या तशी परत आणून दाखवली, तीनही वेळा, एकदाही न चुकता. चांगला फटका मारायला जेवढी अक्कल लागत नाही तेवढी हे असे चुकायला लागली असणार.

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. चार महिन्यांत पहिल्यांदा. "लाँग आयर्नला टेम्परामेंट लागतं," ते पाहुण्यांना म्हणाले. "सगळ्यांचं काम नाही. पण माणूस सिन्सियर आहे. यांचा बदलीचा अर्ज आहे माझ्याकडे, नागपूरचा. मुलीच्या शिक्षणाचं काहीतरी आहे. मी रेकमेंड करतोय."

"करा, करा," पाहुणे बुटावरची माती झटकत म्हणाले.

घरी चालत येताना बाबा पुढे, काठी खांद्यावर, मी मागे. आई आधीच गेली होती. पाइपांपाशी आल्यावर मी म्हणाले, "तुम्ही मुद्दाम केलंत."

ते थांबले नाहीत. "अवघड हाय ते," ते म्हणाले. "पुस्तकातच लिवलं हाय न तुह्या."

मला खूप काही बोलायचे होते. साहेबांबद्दल माझ्याकडे दोन्ही भाषांत शब्द तयार होते. पण त्या क्षणी सर्वांत जास्त तिरस्कार मला माझा वाटत होता, कारण खांदा खाली पडताना बघून माझ्या मनात पहिला विचार आला होता तो हा, की आता अर्ज जाईल. लाज त्याच्या नंतर आली.

अर्ज गेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आदेश आला आणि मी नागपूरच्या कॉलेजात नाव घातले. कारंज्याला आईने नम्र शब्दांत कळवले.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी कार्यभार सोपवला. हेडक्लार्क यादी वाचत होते आणि मी बाबांचा डबा घेऊन दारात उभी होते. लेव्हल यंत्र एक, मोजणीची साखळी एक, टेबल दोन, खुर्च्या पाच, गोल्फ काठी क्रमांक दोन, एक नग. हेडक्लार्कने काठी हातात घेतली आणि तिचा चेहरा निरखला. मधोमध नाण्याएवढा पांढुरका डाग पडला होता. त्यांनी तो अंगठ्याने घासला, थुंकी लावून घासला.

"हे निघत नाही, साहेब," ते म्हणाले. "काय लागलंय?"

"काई नाई," बाबा म्हणाले. "तसंच लिवा."

हेडक्लार्कने शेऱ्याच्या रकान्यात 'डागी' असे लिहिले, बाबांनी सही केली, आणि इतके दिवस तीन नंबर असलेले उपअभियंते बढती मिळाल्यासारखे हसत काठी घ्यायला पुढे आले.